तोंड वाकडं दिसतंय, पण वाकडं नेमकं काय आहे?

पाडवा होऊन आठवडा झाला असेल. ऊसतोडीवरून नुकतंच परतलेलं बीड जिल्ह्यातलं एक कुटुंब माझ्या दातांच्या दवाखान्यात आलं. लेकरू तिसरीतलं, ८ वर्षांचं. आईनं मोबाइल पुढे केला. त्यात शाळेसाठी काढलेला मुलीचा फोटो होता. "मॅडम, लेकराचं तोंड एका अंगाला व्हायलंय बगा. आधी वाटलं फोटोच तसा निघाला. मग घरी नीट बघितलं तर खरंच तसंच दिसायलंय. हिच्या आजीला वाटायलंय की वारं गेलंय."

आजीची भीती रास्त होती. 'तोंड वाकडं झालं' हे शब्द आपण लकव्यासाठीच वापरतो, म्हणून आधी तेच स्पष्ट करते. तोंड काही तासांत किंवा एका रात्रीत वाकडं झालं, एक डोळा मिटेना, हसताना ओठाचा एक कोपरा हलेना, हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर दातांच्या डॉक्टरकडे यायचं नाही. त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठायचा. या मुलीचं तसं काही नव्हतं. ती दोन्ही डोळे घट्ट मिटत होती आणि हसू दोन्ही बाजूंनी सारखं फुलत होतं. वाकडेपणा महिनोन्‌महिने हळूहळू आला होता.

मी तिला तोंड मोठं उघडायला सांगितलं. उघडल्यावर हनुवटी नाकाच्या बरोबर खाली, मधोमध आली. मग म्हटलं, "बाळा, आता जिभेचं टोक मागं टाळूला लाव आणि अगदी हळू दात मिट." तिनं मिटले. दुधाचा वरचा सुळा आणि खालचा सुळा टोकाला टोक भिडले आणि ती क्षणभर तिथंच अडली. त्या क्षणी पुढच्या वरच्या दोन दातांमधली रेघ आणि खालच्या दोन दातांमधली रेघ एकाखाली एक होती. मग तिनं नेहमीसारखे दात आवळले, आणि खालचा जबडा उजवीकडे सरकला. ३ मिलिमीटर. आई खुर्चीतून उठलीच. "आत्ता सरकलं बगा!"

तिला जे दिसलं त्यातच या सगळ्या विषयाचं मर्म आहे. मुलीचं हाड वाकडं नव्हतं, दातही फारसे वाकडे नव्हते. दात मिटण्याची वाट वाकडी होती.

वरच्या आणि खालच्या दातांचं नातं स्टीलच्या डब्यासारखं असतं. वरची कमान म्हणजे झाकण. ते खालच्या कमानीवर चहूबाजूंनी थोडंसं बाहेरून बसतं. आता झाकण दोन्हीकडून सारखंच अरुंद झालं तर? मधोमध ठेवलं की काठावर काठ येतो, झाकण काही बसत नाही. मग आपण ते एका अंगाला रेटतो. एका बाजूला ते नीट बाहेरून बसतं आणि दुसऱ्या बाजूला डब्याच्या आत जातं. लेकराचा जबडाही हेच करतो. सुळे टोकावर टोक येऊन अडतात, चावता येत नाही, म्हणून लेकरू खालचा जबडा एका बाजूला सरकवून बसवतं. त्या बाजूच्या दाढा उलट्या बसतात, म्हणजे खालच्या बाहेर आणि वरच्या आत. याला आम्ही क्रॉसबाइट म्हणतो.

म्हणून आईवडिलांना न पटणारी एक गोष्ट मला रोज सांगावी लागते. दोष उजवीकडेच दिसत असला तरी लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा वरचा जबडा दोन्हीकडून अरुंद असतो. नुसत्या उजव्या बाजूचे दात ओढून भागत नाही. जबडा अरुंद राहायची कारणं वेगवेगळी असतात. कुणाला अंगठा चोखायची सवय बराच काळ राहिलेली असते. कुणाचं नाक कायम चोंदलेलं असतं, त्यामुळे ते तोंडानं श्वास घेतं. कुणाच्या घरातच तशी ठेवण असते.

एका बाजूला सरकलेली ठेवण, म्हणजे वरच्या-खालच्या दातांची बसण, घेऊन कुणी आलं की मी मनाशी एकच प्रश्न धरते: वाकडं काय आहे? दात, दात मिटण्याची वाट, की हाड? बाहेरून तिन्ही सारखेच दिसू शकतात, पण उपचार तिन्हींचे अगदी वेगळे. घाईनं तारा बसवल्या आणि हा प्रश्न विचारलाच नाही, तर दोन वर्षांनी दात सरळ झालेले असतात आणि हनुवटी होती तिथंच असते. असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांचे पैसे गेले, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे वाढीचं वय निघून गेलं.

तपासायची पद्धत फार अवघड नाही. वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला असतो, तो सरकत नाही. त्यामुळे वरच्या दोन दातांमधली रेघ चेहऱ्याच्या मध्यापासून ढळली असेल तर बहुतेक वेळा दातच सरकलेले असतात. खालची रेघ ढळली असेल तर मात्र तिन्ही शक्यता उरतात. मग तोंड उघडून बघायचं. उघडल्यावर रेघ मध्यावर आली, तर सरकणारी वाट दोषी. रेघ ढळलेलीच राहिली, पण हनुवटी मध्यावर आहे, तर खालचे दात सरकलेत. रेघही ढळलेली आणि तिच्यासोबत हनुवटीही, उघडा किंवा मिटा, तरी तशीच, तर हाडाकडे बघावं लागतं.

घरी करता येईल अशी आणखी एक खूण आहे. आइस्क्रीमची लाकडी काडी दोन्हीकडच्या दाढांच्या पुढे आडवी धरून चावायची आणि आरशासमोर सरळ उभं राहायचं. काडी दोन्ही डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर दिसायला हवी. एक टोक स्पष्ट वर चढलेलं दिसलं, तर एका बाजूचं हाड किंवा दात उंचीला कमीजास्त आहेत. मात्र ही खूण डॉक्टरकडे जायला हवं का, इतकंच सांगते. पुढचं काम दातांच्या साच्यांचं, पूर्ण जबडा एकाच फोटोत दाखवणाऱ्या एक्स-रेचं (ओपीजी) आणि समोरून काढलेल्या चेहऱ्याच्या एक्स-रेचं. गुंतागुंत असेल तर त्रिमितीय स्कॅनही लागतो. काही जणांच्या स्नायूंना सरकायची इतकी सवय झालेली असते की तपासताना खरी वाट सापडतच नाही. त्यांना काही आठवडे दातांवर सपाट पट्टी वापरायला देऊन स्नायूंना ती सवय विसरायला लावावी लागते.

आता दात सरकण्याविषयी. आपल्या मराठवाड्यात याचं जे कारण मला सगळ्यात जास्त दिसतं, ते टाळता येण्यासारखं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. 'दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे' म्हणून किडलेली दाढ तशीच सोडली जाते, आणि ठणकायला लागली की काढून टाकली जाते. दुधाची मागची दाढ तोंडात १० ते १२ वर्षांपर्यंत राहायची असते, कारण ती जागा राखते. सहाव्या वर्षी तिच्या मागं पहिली कायमची दाढ उगवते. ती कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही, त्यामुळे पुष्कळ आईबापांना ती दुधाचीच वाटते. पुढची दुधाची दाढ सातव्या वर्षीच काढली की ही कायमची दाढ मोकळ्या जागेत पुढे कलते. एसटीत रुमाल टाकून धरलेली जागा रुमाल उचलताच जाते, तसंच. खालून येणाऱ्या दाताला मग वाट उरत नाही. हे एकाच बाजूला झालं तर त्या बाजूची दाढ पुढे आणि दुसऱ्या बाजूची जागेवर, अशी ठेवण तयार होते. दुधाचा सुळा एकाच बाजूचा लवकर गेला तर पुढचे दात त्या बाजूला ढळतात आणि मधली रेघ त्यांच्याबरोबर जाते.

दाढ काढावीच लागली, तर त्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: जागा राखायला काही बसवायचं का? शेजारच्या दाढेवर कडं आणि त्याला तारेचा फास, एवढंच ते छोटं साधन असतं. पुढच्या दोन वर्षांच्या तारांचा खर्च ते पुष्कळदा वाचवतं. एखादा कायमचा दात जन्मतःच नसणं किंवा सुळा हाडात अडकून राहणं, यांनीही ठेवण एका बाजूला ढळते.

अमेरिकेतले दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली ठेवणीचे जे तीन वर्ग मांडले, ते आजही आम्ही वापरतो. त्यांचा आधार हीच सहाव्या वर्षीची दाढ: पहिल्या वर्गात वरची-खालची दाढ नीट जुळते, दुसऱ्यात खालची मागं पडते, तिसऱ्यात ती पुढे जाते. एका बाजूची दाढ पहिल्या वर्गात आणि दुसऱ्या बाजूची दुसऱ्या वर्गात असेल तर आम्ही त्याला उपवर्ग म्हणतो. तुमच्या मुलाच्या कागदावर 'क्लास टू सबडिव्हिजन' लिहिलेलं दिसलं, तर त्याचा अर्थ एवढाच.

हाडाचा वाकडेपणा प्रमाणानं कमी, पण सगळ्यात गंभीर. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की बोटाखाली जे हलतं, तो जबड्याचा सांधा. खालचा जबडा वाढण्यात त्या सांध्याच्या डोक्याचा मोठा वाटा असतो. लेकरू पायरीवरून किंवा बैलगाडीतून हनुवटीवर पडतं. हनुवटी फुटते, दोन-तीन टाके पडतात, जखम आठ दिवसांत भरते आणि सगळे विसरतात. पण हनुवटीवर बसलेला मार सरळ वर सांध्यापर्यंत जातो आणि तिथलं हाड मोडलेलं असू शकतं. त्या बाजूची वाढ मागं पडली तर काही वर्षांनी हनुवटी मार बसलेल्या बाजूला कलते. कधी सांधाच जखडतो आणि तोंड उघडेनासं होतं. हनुवटी फुटलेल्या प्रत्येक लेकराचा सांधा तपासून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना 'एक्स-रे काढायचा का?' असं विचारायला अजिबात कचरू नका.

याच्या नेमकं उलटही घडतं. काही जणांच्या एका बाजूच्या सांध्याचं डोकं गरजेपेक्षा जास्त वाढतं, बहुधा कुमारवयात किंवा विशीत. तेव्हा हनुवटी निरोगी बाजूकडे ढकलली जाते. अशा वेळी तारा बसवायची घाई करणं म्हणजे वाढत्या फांदीला गज बांधणं. वाढ अजून चालू आहे का हे आधी बघावं लागतं. सहा-सहा महिन्यांचे फोटो आणि साचे, आणि गरज पडली तर हाडांचा स्कॅन, यांवरून ते कळतं. काही मुलं एका बाजूचा कान आणि जबडा लहान घेऊनच जन्माला येतात, काहींना लहानपणीच सांध्याचा वात असतो. त्यांचे उपचार एकट्या दंतवैद्याच्या हातातले नसतात.

आता उपचार. वाट वाकडी असलेल्या लहान लेकराचं काम सगळ्यात सोपं. क्वचित दुधाच्या सुळ्याचं अडणारं टोक जरासं घासलं तरी जबडा मध्यावर बसतो. नाहीतर वरचा जबडा रुंद करायचा. टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो आणि लहान वयात तो मोकळा असतो. टाळूला बसवलेल्या साधनात बारीक स्क्रू असतो, त्याला चावी लावून घरच्यांनीच फिरवायची. एका वेळच्या फिरवण्यानं पाव मिलिमीटर जागा उघडते. आठ-दहा दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये मोठी फट पडते आणि आईबाप घाबरून फोन करतात. घाबरू नका. टाळूचा सांधा उघडल्याची ती खूण आहे. फट पुढे बहुधा आपली आपण मिटत जाते. चावी फिरवायचं काम काही आठवड्यांचं असतं, पण मोकळ्या झालेल्या जागेत हाड भरून येईपर्यंत साधन काही महिने तोंडात ठेवावं लागतं.

हेच वयात आल्यावर अवघड होत जातं. टाळूचा सांधा घट्ट होतो. मग हाडात छोटे स्क्रू रोवून तो उघडावा लागतो, आणि मोठ्या माणसांत शस्त्रक्रियाही लागू शकते. शिवाय वाढत्या वयात सतत एका बाजूला बसणारा जबडा त्या जागेशी हळूहळू जुळवून घेऊ शकतो, आणि आज नुसती वाट वाकडी असलेलं उद्या हाडात उतरू शकतं. म्हणून सातव्या वर्षी एकदा दाखवून घ्या. तारा बसवायला नव्हे, फक्त बघायला.

मोठ्या मुलांत, दातच सरकलेले असतील तर तारा आणि रबर. रबर एकाच बाजूला लावायला दिलं की पालक विचारतात, "दुसरीकडचं राहिलं का?" राहिलेलं नसतं, पण या एकेरी ओढीला धोका आहे हे खरं. जुवाखाली एकच बैल जोरात ओढायला लागला की जू तिरपं होतं. एकाच बाजूचं रबर फार दिवस लावलं तर दातांची पूर्ण ओळ तशीच तिरपी होऊ शकते. म्हणून ते मोजक्या काळासाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली लावायचं. दुसरी अडचण अशी की एक दात मागं ओढायचा तर दुसऱ्या कशाला तरी धरूनच ओढावा लागतो, आणि मग तो दुसराही पुढे येतो. आता हाडात दीड-दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू रोवता येतो. तो खुंट्याचं काम करतो: आपण हलत नाही आणि दात ओढू देतो. कधी एकाच बाजूची एक उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्यामधला दात, काढून जागा केली जाते. तीन उपदाढा काढून एक ठेवली, तरी ती विसरली असं समजू नका. दोन्ही बाजूंचा हिशेब वेगळा असतो, म्हणून तसं करतात.

हाडातच मोठा फरक असेल आणि वाढ थांबलेली असेल, तर जबड्याची शस्त्रक्रिया. तिच्या आधीही तारा लागतात आणि त्या काळात वाकडेपणा उलट जास्त दिसतो. वाकड्या हाडावर दातांनी वर्षानुवर्षं कलून जी तडजोड केलेली असते, ती आधी सोडवावी लागते, म्हणून. हे आधीच सांगितलं नाही तर रुग्णाचा धीर सुटतो.

दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत. एक, कुठलाच चेहरा पूर्ण सारखा नसतो. मधली रेघ मिलिमीटरभर ढळलेली असेल, चावायला त्रास नसेल, जबडा सरकत नसेल, तर तिच्या मागं लागू नका. दुसरी गोष्ट लग्नाच्या पोरींची. 'तीन महिन्यांत सरळ करून द्या, पाहुणे येणार आहेत,' असं म्हणणारे बापलोक येतात. त्यांची काळजी मला कळते. पण एका बाजूला ढळलेली ठेवण सुधारायला दीड-दोन वर्षं लागतात, कधी त्याहूनही जास्त. तीन महिन्यांत फक्त पुढचे दात ओळीत आणता येतात, आणि चावताना त्रास तसाच राहतो.

तारा असताना आपल्याकडच्या खाण्याचीही अडचण येते. हुरडा, संक्रांतीच्या तीळगुळाच्या वड्या, दातानं सोललेला ऊस, यांत तार धरायला दातावर चिकटवलेला एकतरी खिळा (ब्रॅकेट) निघतोच. ज्वारीची कडक भाकरी वरणात कुस्करून खावी. किनवटकडे पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. अशा भागातल्या मुलांच्या डागाळलेल्या दातांवर खिळे नीट चिकटत नाहीत आणि वारंवार निघतात. तो लेकरांचा हलगर्जीपणा नसतो, त्यांना रागावू नका. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. शाळेत येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मुलांचे दात बघायला सांगा.

त्या मुलीकडे परत येते. तिच्या आईनं पहिला प्रश्न आजाराचा विचारलाच नाही. "मॅडम, दिवाळीला आम्हाला कारखान्यावर जायचंय. तवर हुईल का?" मी बोटांवर महिने मोजले. चैत्र-वैशाखात चावी फिरवायची, दर आठवड्याला दाखवायचं, त्यानंतर पाच-सहा महिने साधन तसंच ठेवायचं आणि कोयते बाहेर पडायच्या आत काढायचं. बसत होतं. तारा असत्या तर बसलं नसतं. दर महिन्याची फेरी फडावरून कोण करणार?

चावी बापानं फिरवली, रोज रात्री जेवण झाल्यावर, मोबाइलच्या उजेडात. बाराव्या दिवशी फट दाखवायला तिनं ओठ वर करून हसून दाखवलं. साधन निघालं तेव्हा दोन्ही सुळे वरून बाहेर बसत होते, आणि दात मिटल्यावर हनुवटी तिथंच राहत होती. मुलीला रात्री घालायला मी काढता-घालता येणारी प्लेट दिली. दुधाच्या दोन किडलेल्या दाढा भरून दिल्या. आणि एका कागदावर लिहून दिलं: १० ते १२ वर्षांच्या दरम्यान कायमचे सुळे येतील, तेव्हा एकदा दाखवायचं. कागद तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.